फिनाईल, ॲसिड, ब्लिचिंग, सॅनिटायझर : घरात आहे तर एवढं माहीत असू द्या

कोरोनाच्या आधी आपल्याकडे जंतुनाशक म्हणजे फिनाईल, आणि पावसाळ्यात ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर. आता घरोघरी संडास झाले आणि त्यासोबत निळी बाटली आली. सॅनिटायझर कोरोनात आलं ते राहिलंच. बाजाराच्या दिवशी ॲसिडही मिळतं. एवढं सगळं घरात आलं, पण ते वापरायचं कसं हे कोणी बसून सांगितलं नाही. बाटलीवर लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात आणि बहुतेक इंग्रजीत.

या वस्तूंपासून काय होऊ शकतं हे आपल्या यवतमाळ जिल्ह्यानं पाहिलेलं आहे. ३१ जानेवारी २०२१ ला घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी इथं पोलिओच्या दिवशी पाच वर्षांच्या आतल्या १२ लेकरांना डोसऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. लेकरांना यवतमाळला दवाखान्यात ठेवावं लागलं. सुदैवानं ती वाचली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लॉकडाऊनमुळे दारूची दुकानं बंद असताना वणीत सात जणांनी सॅनिटायझर पिऊन जीव गमावला. पहिल्या घटनेत चूक नजरेची होती, दुसरीत व्यसनाची. वस्तू मात्र एकच, आणि ती आजही आपल्या घरात, शाळेत, अंगणवाडीत पडून आहे.

आधी हे वाचा : पोटात गेलं, डोळ्यात गेलं तर

हा भाग वर घेतला कारण वेळ आली की खालपर्यंत वाचायला सवड नसते.

लेकरानं किंवा मोठ्या माणसानं ॲसिड, संडास साफ करायचं लिक्विड, फिनाईल, ब्लिचिंगचं पाणी, कॉस्टिक यातलं काहीही प्यायलं तर उलटी करवू नका. गावात पहिला उपाय हाच होतो. घशात बोट घालतात, मिठाचं पाणी पाजतात. ॲसिड आणि कॉस्टिक खाली जाताना अन्ननलिका जाळत जातं, उलटीसोबत वर येताना दुसऱ्यांदा जाळतं. फिनाईल, रॉकेल यांचं वेगळं आहे. उलटी होताना ते श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरतं आणि तिथं जास्त नुकसान करतं.

लिंबू, ताक, अंड्याचा बलक, खायचा सोडा हेही देऊ नका. "ॲसिडवर सोडा दिला की ॲसिड मरते" असं काही जण सांगतात. बादलीत ते खरं आहे, पोटात नाही. तिथं त्याचा वायू होतो, उष्णता होते आणि आधीच भाजलेल्या पोटावर ताण येतो. करायचं एवढंच : तोंडातलं थुंकायला लावा, साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरायला लावा, ओठ-हनुवटी धुवा, कपड्यावर सांडलं असेल तर कपडे काढा. माणूस बेशुद्ध किंवा गुंगीत असेल तर तोंडात थेंबही घालू नका, कुशीवर झोपवा. १०८ ला फोन करा. आणि ती बाटली सोबत घ्या, अर्धी असो की रिकामी. डॉक्टरला नेमकं काय प्यायलं, किती प्यायलं, कधी प्यायलं हे कळलं की उपचार लवकर सुरू होतो.

दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. १८००-११६-११७ हा त्यांचा टोल फ्री नंबर, रात्री-बेरात्री कधीही लागतो. तिथं हिंदीत बोलता येतं. गाडी येईपर्यंत काय करावं ते सांगतात. हा नंबर आत्ताच फोनमध्ये 'विष' नावानं सेव्ह करून ठेवा.

डोळ्यात गेलं तर चोळू नका. स्वच्छ पाण्याची बारीक धार डोळ्यावर सोडा, पापणी बोटानं उघडी धरा, आणि हे पंधरा ते वीस मिनिटं करा. घड्याळ लावून करा, कारण पंधरा मिनिटं किती लांब असतात ते अशा वेळी कळत नाही. माणूस दोन मिनिटांत "बरं वाटतं" म्हणून थांबतो. धुतल्यावर दवाखान्यात जायचंच. कातडीवर ॲसिड पडलं तरी हेच, भरपूर पाणी. हळद, टूथपेस्ट, तूप लावू नका.

बाटली बदलली की घात

घरात फिनाईल कशात ठेवलेलं असतं ते आठवा. सुटं आणलं असेल तर कोल्ड्रिंकच्या बाटलीत, नाहीतर पाण्याच्या बाटलीत. ॲसिडही तसंच मिळतं. उन्हाळ्यात शेतातून आलेला माणूस तहानेनं कोपऱ्यातली बाटली उचलतो आणि तोंडाला लावतो. रांगणाऱ्या लेकराचं तर काही विचारायलाच नको. कोल्ड्रिंकची बाटली म्हणजे गोड, एवढं त्याला पक्कं ठाऊक असतं.

पांढरं फिनाईल आणखी फसवं. पाण्यात टाकलं की ते दुधासारखं पांढरं होतं. डेटॉलचंही तसंच होतं. अशा पाण्याचा ग्लास किंवा लोटा ओट्यावर राहिला तर लेकराला ते दूधच दिसतं. म्हणून अशी पाणी करायची बादली, मग, डबा वेगळा ठेवा, स्वयंपाकाच्या भांड्यात कधीच नको. काम झालं की उरलेलं लगेच ओतून टाका.

सुटं घेऊच नका असं म्हणणं सोपं आहे. स्वस्त पडतं म्हणून लोक घेतात, मी पण बघतो. पण घेतलंच तर फिनाईलच्या जुन्या बाटलीतच भरून आणा, ज्याच्यावर नाव आहे, झाकण घट्ट आहे. दुसरं काही नसेल तर बाटलीवर कागद चिकटवून मोठ्या अक्षरात 'विष' लिहा. वाचता न येणाऱ्यासाठी लाल चिंधी बांधा. आणि जागा उंच हवी. मोरीच्या कोपऱ्यात, संडासात खाली, पलंगाखाली ही जागा नव्हे. दोन-तीन वर्षांच्या लेकराचा हात पोचणार नाही असा माळा किंवा कडी लागणारी फळी बघा.

ॲसिडचं अजून एक आहे. लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली ॲसिडच्या सुट्या विक्रीवर बंधनं घातली. विकणाऱ्यानं घेणाऱ्याचं नाव, पत्ता, कारण लिहून ठेवायचं, ओळखपत्र बघायचं, १८ वर्षांखालच्याला विकायचं नाही. बाजारात पोराच्या हाती वीस-तीस रुपयांत ॲसिडची बाटली देणारा दुकानदार नियम मोडतोय, हे माहीत असू द्या. पोराला ॲसिड आणायला पाठवणंही बंद करा.

दोन औषधं एकत्र करणं

दिवाळीच्या साफसफाईत किंवा घरी पाहुणे येणार असले की संडास घासायला घेतात. निळं लिक्विड टाकलं, डाग निघत नाही, म्हणून वरून ब्लिचिंग पावडर टाकली. "दोन्ही टाकलं तर जास्त साफ होईल." होतं काय, तर संडासाच्या लिक्विडमध्ये साधारण दहा टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते ब्लिचिंगला लागलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू. आपल्या संडासाची खोली चार बाय चारची, खिडकी वितभर, दार आतून लावलेलं. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, आणि घासणारी बाई नेमकी खाली वाकलेली असते.

डोळे झोंबले, घसा जळला, खोकला लागला की सगळं तिथंच टाकून बाहेर या. बादली उचलायला, पाणी ओतायला परत आत जाऊ नका. दार उघडं ठेवा, मोकळ्या हवेत बसा. बाकीच्यांना तिकडे जाऊ देऊ नका. खोकला थांबत नसेल, छाती भरल्यासारखी वाटत असेल तर दवाखान्यात जा. थोड्या वेळानं बरं वाटलं तरी त्या दिवशी माणसावर लक्ष ठेवा, कारण फुप्फुसाला सूज काही तासांनी येऊ शकते. दमा असलेल्यांनी तर वाटच बघू नये.

ब्लिचिंगसोबत ॲसिड नको, व्हिनेगर नको, लिंबू नको, फिनाईल नको. अमोनिया असलेलं काच पुसायचं लिक्विड नको, त्यातूनही विषारी वायू निघतो. जनावरांच्या मुताचा वास साचलेल्या गोठ्यात ब्लिचिंग टाकण्याआधी भरपूर पाण्यानं धुवून घ्या, कारण तो वास अमोनियाचाच असतो. गरम पाण्यातही ब्लिचिंग मिसळू नका. साबणाचं पाणी आधी वापरा, धुवून टाका, मग ब्लिचिंग. एका दिवशी एकच वस्तू वापरली तर ही भानगडच येत नाही.

तुंबलेल्या मोरीत टाकतात ते कॉस्टिक पाण्याला लागलं की उकळी फुटल्यासारखं तापतं आणि उडतं. नेहमी पाण्यात थोडं थोडं कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. आणि मोरीवर वाकून बघत बसायचं नाही.

जाता जाता : शहाबादी फरशीवर ॲसिड वापरू नका. तो चुनखडीचा दगड आहे, ॲसिड त्याला खातं. पांढरा फेस येतो तो मळ निघाल्याचा नाही, फरशी झिजल्याचा आहे. आणि संडासाला शोषखड्डा किंवा सेप्टिक टँक असेल तर रोज फिनाईल, रोज ॲसिड टाकू नका. मैला कुजवण्याचं काम खड्ड्यातले जिवाणू करतात. तेच मेले तर खड्डा लवकर भरतो, वास येतो. रोज पाणी आणि ब्रश, आठवड्यातून एकदा थोडं लिक्विड, एवढं भागतं.

ब्लिचिंग पावडर किती घ्यायची

टीसीएल म्हणतात ती पावडर हीच. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की तो उडतो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरण्यासारखी राहत नाही. ढेकळं झालेली, वास नसलेली पावडर टाकून समाधान मिळतं, जंतू मरत नाहीत. घरात ठेवायची तर प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा. लोखंडी डब्याला ती गंज लावते. खत, कीटकनाशक, डिझेल यांच्या शेजारी ठेवू नका.

फरशी, कठडा, संडास पुसायला दहा लिटरच्या बादलीला ३० ग्रॅम पावडर पुरते. घरात कोणाला हगवण-उलटी लागली असेल आणि ती घाण साफ करायची असेल तर पाचपट कडक लागतं, म्हणजे लिटरला १५ ग्रॅम. दुकानात बाटलीत मिळणारं ब्लिच बहुतेक चार-पाच टक्क्यांचं असतं. पाच टक्क्यांचं असेल तर पुसायला लिटरभर पाण्यात २० मिली बस होतं. किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा ३० ग्रॅम मोजून बघा आणि त्या मापाचं एक झाकण किंवा डबी पावडरच्या डब्यातच ठेवून द्या.

आधी घाण काढा, साबणानं धुवा, मग हे पाणी लावा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. लावलं की लगेच पुसलं तर उपयोग नाही. घाणीवर टाकलेलं क्लोरीन घाणीतच संपतं. पाणी रोज ताजं करा. कालचं उरलेलं आज वापरू नका, त्यात दम राहत नाही. हातात रबरी मोजे घाला. नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी मनगटाला बांधली तरी चालते. पावडर मोजताना तोंडाला रुमाल आणि वाऱ्याकडे पाठ. फवारणीच्या वेळी करतो तसंच, म्हणजे करायला पाहिजे तसंच.

पिण्याच्या पाण्याचं गणित पूर्ण वेगळं आहे. विहिरीत चांगली पावडर टाकायची ती हजार लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास. पाणी गढूळ असेल तर पाच ग्रॅमपर्यंत. विहिरीत पाणी किती हे काढायला व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानंच गुणा, मग पाण्याच्या खोलीनं गुणा आणि ७८५ नं गुणा. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर होतं. त्याला ७० ग्रॅम पावडर आली, गढूळ असेल तर १४०. अंदाजानं अर्धं घमेलं ओतायची पद्धत आहे, त्यामुळे दोन दिवस पाण्याला वास मारतो आणि बाया दुसऱ्या विहिरीचं न शुद्ध केलेलं पाणी आणतात. पावडर थेट विहिरीत फेकू नका. बादलीत कालवा, पाच-दहा मिनिटं निवू द्या, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडा, खालचा चुना बाहेर टाका. मग तासभर थांबा. जलसुरक्षकाकडे ओटी चाचणीचं किट असतं. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. ती चाचणी आपल्या नळाच्या पाण्यावर करून दाखव म्हणायचा हक्क आपल्याला आहे.

घरच्या माठात मात्र ही पावडर टाकू नका. चिमूट म्हणजे किती हे प्रत्येकाच्या बोटावर असतं. घरासाठी आरोग्य उपकेंद्रात मेडिक्लोर किंवा क्लोरीनच्या गोळ्या मागा, लिटरप्रमाणे प्रमाण त्यावरच लिहिलेलं असतं. टाकून अर्धा तास झाकून ठेवा, मग प्या.

सॅनिटायझर कशाला चालतं, कशाला नाही

त्यात ६० ते ८० टक्के अल्कोहोल असतं. स्वच्छ दिसणाऱ्या हातावरचे जंतू ते मारतं. चिखल, शेण, ग्रीस, तेल लागलेल्या हातावर ते काम करत नाही, थर वरचेवर राहतो. आपले हात दिवसभर याच गोष्टीत असतात, म्हणून आपल्याला वीस सेकंद साबण आणि पाणी हेच बरं आणि स्वस्त.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती फवारणीनंतरच्या हातांची. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यातले शेतकरी आणि मजूर गेले, ते कोणी विसरलेलं नाही. आता काही जण शेतात सॅनिटायझरची छोटी बाटली ठेवतात. फवारणी थांबवली, हाताला चोळलं, भाकर सोडली. सॅनिटायझर जंतू मारतं, कीटकनाशक काढत नाही. औषध हातावरच राहतं आणि घासासोबत पोटात जातं. बांधावर पाण्याची कॅन आणि साबणाची वडी न्या. खाण्याआधी, बिडी-तंबाखूआधी कोपरापर्यंत धुवा.

दुसरं म्हणजे आग. अल्कोहोल साध्या उन्हाळी हवेतही वाफ सोडतं आणि ती वाफ पेट घेते. ज्योत फिकट निळी, दिवसा उजेडात दिसतसुद्धा नाही. हात चोळून लगेच गॅस पेटवला, चुलीत फुंकर मारली, देवाजवळ काडी ओढली तर हात पेटू शकतो. पूर्ण वाळेपर्यंत थांबा. ओली लाकडं पेटत नाहीत म्हणून चुलीवर किंवा शेकोटीवर सॅनिटायझर ओततात, हे फार वाईट. धारेतून ज्योत उलटी बाटलीत येते. उन्हात उभ्या गाडीतही कॅन ठेवू नका.

लेकरानं बोट चाटलं म्हणून घाबरायचं कारण नाही. घोट गेला तर आहे. लहान जिवाची साखर झपाट्यानं उतरते, गुंगी येते, फिट येऊ शकते. लेकरू पेंगतंय म्हणून झोपवून ठेवू नका, दवाखान्यात न्या. भेसळीच्या सॅनिटायझरमध्ये मिथेनॉल असतं, ते डोळे घालवतं आणि जीवही घेतं. वासावरून ते ओळखता येत नाही, आणि पहिले बारा तास माणूस ठीकही दिसू शकतो. घरात दारूची सवय असलेला माणूस असेल तर सॅनिटायझर कुलपात ठेवा, ही सांगायला अवघड पण गरजेची गोष्ट आहे. लेकरांच्या औषधाच्या बाटल्यांजवळ तर ते ठेवूच नका.

माणसावर, जनावरावर फवारू नका

कोरोनात बाजार समित्यांच्या दारात फवारणीचे बोगदे लागले होते. माणसांवर जंतुनाशक फवारू नका असं केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयानं १८ एप्रिल २०२० लाच सांगितलं होतं, तरी कितीतरी ठिकाणी ते चालूच राहिले. तोच प्रकार २०२२ मध्ये लम्पीच्या वेळी जनावरांवर झाला. गाठी फुटलेल्या कातडीवर फिनाईल मारलं. कातडी भाजते, आणि जनावर चाटून ते पोटात घेतं. जखमेला काय लावायचं ते पशुवैद्यकाला विचारा.

गोठ्याची जमीन मात्र धुवा. शेण काढून, पाण्यानं धुवून, जनावर बाहेर बांधून. लाळ-खुरकूत आला असेल तर चार टक्के धुण्याचा सोडा, म्हणजे लिटरला ४० ग्रॅम, चांगलं काम करतो आणि स्वस्त आहे. फिनाईल टाकलं तर वाळल्यावरच जनावर आत घ्या. धारेच्या वेळेला टाकू नका, दूध वास ओढतं. घरात मांजर असेल तर फिनाईलच्या ओल्या फरशीवरून तिला जाऊ देऊ नका, ती पाय चाटते आणि मांजराला ते पचत नाही.

रिकाम्या बाटल्यांचं राहिलं. फिनाईल, ॲसिड, ब्लिच यांची बाटली धुवून तेल, रॉकेल किंवा शेतात पाणी न्यायला वापरू नका. तिला भोक पाडा किंवा कापा, मग भंगारात द्या. जाळू नका. आणि शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायतीच्या कपाटात कोरोनातले पाच-पाच लिटरचे सॅनिटायझरचे कॅन अजून असतील तर पुढच्या ग्रामसभेत विचारा, ते कुठं आहेत, मुदत कधी संपली आणि किल्ली कोणाकडे आहे.